इंगोले सरांची चिवळ आणि संदर्भांचा दुष्काळ

सोयाबीन काढले की कुटार, म्हणजे भुसा, आपोआप साठते. चार विद्वान चहाला बसले की किस्सेही तसेच साठतात. वाशीमच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी रोज वाचायला जातो. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे मी स्वतः केले, आणि नीट केले. तेथील दुपारच्या चहाचे हे किस्से.

*

वनस्पतिशास्त्राचे इंगोले सर मूळचे इंझोरीचे. चिवळीसारख्या बांधावरच्या रानभाज्यांवर त्यांनी आयुष्यभर खपून एक शोधनिबंध लिहिला. दुसऱ्या संशोधकाने आपल्या लेखात त्याचा उल्लेख केला, तर त्याला मंडळी 'सायटेशन' म्हणतात. मी उद्धरण म्हणतो. सरांची निवृत्ती जवळ आली होती आणि इच्छा एकच होती. "माह्याशिवाय कोनीतरी त्या लेखाचं नाव घ्यावं. मंग खुशाल हार घाला!"

एके दिवशी संगणकावर उद्धरणांच्या शून्याचा एक झाला. सरांनी पेढे वाटले. संख्याशास्त्राचे गवई सर पेढा खाता खाता पडद्याजवळ गेले. "इंगोले सर, हे तं तुमचंच हाय! तुमच्याच दुसऱ्या लेखातलं!"

पेढे तोवर संपले होते.

*

रिसोडच्या एका संशोधिकेने हा निबंध मागितला. सर ऐटीत संगणकापुढे बसले. नियतकालिकाच्या संकेतस्थळाने त्यांच्याकडेच शुल्क मागितले!

"पाहा राजेहो! घर माहं, कुलूप त्याहिचं!"

*

ग्रंथपाल राऊतबाई म्हणाल्या, "सर, तुमची स्वतःची प्रत नियमात बसवून आपल्या संकेतस्थळावर खुली ठेवता येते. लेख सापडला तर लोक वाचतील, वाचला तर उल्लेख करतील."

गवई सरांनी बशी खाली ठेवली. "बाई, तसं नसते. चांगलेच लेख लोक खुले ठेवतात, म्हनून खुल्याचे उल्लेख जास्त दिसतात. दार उघडं ठेवल्यानं जेवन चांगलं होत नाही!"

"पण दार बंद ठेवलं तर जेवण कसं झालं हे कळणार कोणाला?"

दोघांचेही म्हणणे मला तर्कशुद्ध वाटले. मी तसे सांगितलेही. कोणी विचारले नव्हते.

*

प्रयोग म्हणून सरांचा गाजरगवतावरचा एक जुना, किरकोळ लेख आधी खुला केला. काही महिन्यांत एका अनोळखी संशोधकाने त्याचा उल्लेख केला! राऊतबाईंनी तो मोठ्याने वाचला. "इंगोले यांचा हा निष्कर्ष चुकीचा आहे."

सर मात्र खुलले. "चूक शोधली म्हंजे पुरा वाचला ना बावा!"

"आता चिवळही खुली करा," बाई म्हणाल्या.

*

रानभाज्यांचा निबंध खुला झाला. सरांनी दुवा नातेवाइकांच्या गटावर पाठवला. वाचक भराभर वाढले. इंझोरीहून बहिणीचा फोन आला. "दादा, चिवळीच्या फोटोत माहा पाय कायले छापला? चप्पल तरी नवी घालू द्यायची होती!"

नवे उद्धरण मात्र एकही नाही. "पाहा," गवई सर म्हणत, "दार उघडून काय झालं?" हळूहळू इंगोले सरांनी संगणकाकडे पाहणेच सोडले.

*

निरोप समारंभाच्या आदल्या दुपारी राऊतबाई 'शांतता राखा' या पाटीखालीच ओरडल्या, "सर, आलं!"

रानभाज्यांच्या निबंधाचे उद्धरण होते, आणि स्वतःचे नव्हते. लेख होता संख्याशास्त्राचा, नमुना निवडीतील चुकांवर. लेखक होते गवई सर.

इंगोले सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. शेजारच्याच खुर्चीकडे वळून ते म्हणाले, "गवई सर, आकड्यायच्या लेखात माही चिवळ काहून?"

गवई सरांनी बशीतून नजर वर केली नाही.

"काहून म्हंजे? खुला होता, सापडला. च्या प्या, निवून राह्यला."