मावशींची उरलेली पात

अड्याळला मी ज्यांच्या घरी भाड्यानं राहत होतो, त्या मावशींमुळे मी एमबीएची प्रवेश परीक्षा पार केली. हे सगळ्यात आधी लिहून टाकतो. शेवटी लिहिलं की आभार मानून मोकळं झाल्यासारखं वाटतं, आणि मी अजून मोकळा झालेलो नाही. मावशींना लिहिता येतं ते सहीपुरतं. सूत्रं मी पुस्तकातूनच पाठ केली. पण ती घेऊन पेपरात उतरायचं कसं, हे त्यांनी मला धानाच्या चिखलात उभं करून शिकवलं.

मी मूळचा साताऱ्याकडच्या माण तालुक्यातला. आठवीत असताना चुलत्याबरोबर सुट्टीपुरता विजेच्या टॉवर लाइनच्या कामावर गेलो. शाळा उघडली तेव्हा आमचा कॅम्प तीन जिल्हे पलीकडे गेला होता, आणि मला परत पाठवायला कुणाला सवड नव्हती. मलाही घाई नव्हती, खरं सांगायचं तर. पुढं त्याच ठेकेदाराकडे स्टोअर सांभाळायला लागलो. नट, बोल्ट, वॉशर, क्लॅम्प. पण कॅम्पवर नवा इंजिनियर आला आणि त्यानं "शिक्षण किती?" असं विचारलं की मी खोक्यातले बोल्ट मोजायला लागायचो. मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारीची परीक्षा दिली, मग एकेक वर्ष करत पदवी घेतली. प्रत्येक वर्षाचं केंद्र वेगळ्या गावात. पुस्तकांची पत्र्याची पेटी मात्र तीच.

कॅम्प नागपूरकडच्या धानाच्या मुलखात, अड्याळला आला तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो. जानेवारीत साहेबांनी सांगितलं, "मार्चअखेर इथलं काम आवरतंय. पुढचा कॅम्प ओडिशात." प्रवेश परीक्षा मार्चच्या मध्यावर होती. माझा हिशेब सरळ होता. नंबर लागला तर कॉलेज, नाही लागला तर ओडिशा. आणि एकदा तिकडं गेलो की मी पेटी पुन्हा उघडणार नाही, हे मला माहीत होतं. मी स्वतःला ओळखून होतो.

तयारी मी जोरात केली. स्टोअरमधल्या प्रत्येक खोक्यात झाकणाच्या आतल्या बाजूला एक सूत्र चिकटवलं. सोळा नंबरच्या बोल्टमध्ये टक्केवारी: एक अष्टमांश म्हणजे साडेबारा, एक सप्तमांश म्हणजे चौदा पूर्णांक अठ्ठावीस. वीस नंबरमध्ये चक्रवाढ व्याज. वॉशरच्या खोक्यात आगगाडी आणि फलाट, दोन्हींची लांबी मिळवा आणि वेगानं भागा. माल द्यायला झाकण उघडलं की आधी सूत्र म्हणायचं, मग हात घालायचा. लाइनवरची पोरं वैतागायची. "बोल्ट दे रं बाबा, व्याज नको!" असं ओरडायची. पण महिन्याभरात त्यांनाही अर्धी सूत्रं पाठ झाली.

संध्याकाळी मी विहाराला लागून असलेल्या अभ्यासिकेत बसायचो. तिथं गावातली पोरं पोलिस भरतीची आणि तलाठ्याची तयारी करायची. परक्या गावच्या माणसाला जागा मिळाली ती मावशींमुळे. पहिल्या दिवशी त्या मला घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हा आमच्या घरचा हाय. खिडकीपाशी बसवा त्याले, उजेड येते." एवढ्यावर काम झालं.

सूत्रं पाठ होती, तरी सराव परीक्षेत मार्क पडेनात. अडीच तासांत दोनशे प्रश्न. चुकलं तर मार्क कापत नाहीत, पण वेळ कुणासाठी थांबत नाही. मी एकशे दहा, एकशे वीस प्रश्नांवर पोचायचो आणि वेळ संपायचा. जे सोडवले त्यातलेही विचित्र चुकायचे.

एका रविवारी सकाळी अंगणात बसून मी चुका तपासत होतो. मावशी शेणाचा सडा टाकत होत्या.

"काहून रे बापू, सकाळपासून दात खाऊन राहिला?"

"मावशी, जमंना झालंय. गणित सोपं हाय आन् मी चुकतोय."

"वाच बरं. कोन्तं?"

मी वाचलं. दहा मजूर एक शेत बारा दिवसांत रोवतात, तर सोळा मजूर तेच शेत किती दिवसांत रोवतील?

मावशी रोवण्याच्या टोळीच्या म्होरक्या. धानाची रोपं, तिकडे त्यांना पऱ्हे म्हणतात, ती चिखलात लावायला गावातल्या वीस-बावीस बाया त्यांच्या मागं जातात. त्यांनी बादली खाली ठेवली, क्षणभर वर बघितलं आणि म्हणाल्या, "आठ."

"मी बी आठच लिवलं! चुकलं. साडेसात हाय."

"साडेसात? अर्ध्या दिवसासाठी कोन बाई घरून निघन?"

मला हसू आलं आणि एकदम उजेडही पडला. मी आठ का लिहिलं होतं? कारण आमच्या लाइनवर अर्धा दिवस नसतोच. सव्वासहा ड्रम केबल लागली तर सात मागवायची. साडेतीन माणसं लागली तर चार बोलवायची. पंधरा वर्षं मी वरचा आकडा धरत आलो होतो, आणि पेपर काढणारा माणूस हे जाणून असल्यासारखा आठचा पर्याय मुद्दाम ठेवत होता. त्या एका पेपरात माझे असे चार प्रश्न गेले होते.

मावशींना मी हे समजावून सांगितलं. त्या बादलीपाशी उभ्याच होत्या.

"मंग त्या बाया पेपरातल्या आहेत," त्या म्हणाल्या. "त्यायले भूक लागत नाही, त्यायचं लेकरू रडत नाही, त्यायले बांधावर बसून तंबाखू खा लागत नाही. त्यायले आपल्या वावरात आणू नको, अन् आपल्या बायायले त्यायच्या वावरात नेऊ नको. झालं!"

पुढचे चार प्रश्न मी पेपरातल्या बायांच्या हिशेबानं सोडवले. चारही बरोबर.

राहिला वेळेचा प्रश्न. तो मी त्यांना सांगितला तेव्हा त्यांना पटेना. "दोनशे सवाल असतात अन् तू शंभरावर बसतो? मधात काय करतो?" मी म्हटलं, एखादं अडतं, मग ते उलगडेपर्यंत हातातून सुटत नाही. माझा स्वभावच तसा. गंजलेला नट दिसला तर फिरवल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "पुढच्या रविवारी रोवण्यावर ये. उन्हाळी धान लावून राहिलो आम्ही. पाह्यतो तुले."

गेलो. तळ्याच्या खालच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, चिखल तयार होता. टोळीत पुरुष माणूस रोवायला उभा, हे बघूनच बाया खुदखुदत होत्या. पुरुषांनी पऱ्ह्याच्या पेंढ्या फेकायच्या, रोवायचं बायांनी, अशी रीत. मावशींनी मला ओळीत मधोमध जागा दिली. चार हात रुंदीचा पट्टा, त्याला पात म्हणतात. प्रत्येकीची आपली पात, आणि सगळ्यांनी ओणवं होऊन रोवत रोवत मागं सरकायचं.

दहा-बारा पावलं माझं बरं चाललं. मग बोटाला दगड लागला. मी तो उकरायला घेतला. मोठा निघाला. मी कोपरापर्यंत हात घातला, एक बाजू सुटली, दुसरी सुटेना. मला वाटलं, आता होतंय. आता होतंयच. दगड निघाला तेव्हा मी तो विजयानं वर धरला आणि मागं वळलो.

ओळ वीस हात मागं गेली होती. माझ्या डाव्या-उजव्या बाजूच्या दोघींनी हात लांबवून माझी पातही लावून टाकली होती. समोर पऱ्हे, मागं पऱ्हे, दोन्ही बाजूंना पऱ्हे. मी मधे, हातात दगड. कुठंही पाय टाकला तर रोप तुडवलं जाणार.

"कोंडला वो! जवाईबापू कोंडले!"

"गोट्याशीच लगन लागलं त्याचं!"

"उखाना घ्या लागते. उखान्याबिगर सुटका नाही!"

हा त्या टोळीचा रिवाज. मागं राहील त्याला कोंडायचं, आणि कोंडलेल्यानं उखाणा घ्यायचा. माझं लग्न झालेलं नाही, मी कुणाचं नाव घेणार? एक म्हातारी ओरडली, "नाव नसन तं ते बोल्टातलं सांग तुहं!" खोक्यांची कीर्ती इथवर आली होती. मग मी त्या चिखलात उभं राहून चक्रवाढ व्याजाचं सूत्र खणखणीत आवाजात म्हटलं. बाया हसून हसून खाली बसल्या. एकीनं बांधावरची फळी आणून टाकली, तिच्यावरून मी बाहेर आलो.

मावशी मात्र हसल्या नव्हत्या. त्यांनी मला माझ्या पातीच्या पलीकडचा एक रिकामा ठिपका दाखवला. "तिथं पाह्य. तिथंबी गोटा हाय. सोडला तिनं अन् गेली. आता धुऱ्याले टेकलो की मी वापस येतो अन् नांगे भरतो. कुठी पाच बोटं, कुठी वीतभर. अर्ध्या घंट्याचं काम. पन ओळ तुटली तं दिवस जाते, बापू."

धुरा म्हणजे शेताच्या कडेचा बांध, आणि नांगे म्हणजे रोवताना सुटलेल्या मोकळ्या जागा. दुपारनंतर मावशी बांधीभर फिरल्या आणि एकेक नांगा त्यांनी भरला. जिथं दगड होता तिथं चार बोटं बाजूला रोप टेकवलं.

त्या रविवारनंतर मी पेपर सोडवायची रीतच बदलली. पहिल्या फेरीत वाचताक्षणी वाट दिसली तर सोडवायचं, नाही तर पुढं. दुसऱ्या फेरीत नांगे. शेवटची पाच मिनिटं राखून ठेवायची आणि जे उरलं तिथं अंदाजानं का होईना खूण करायची, कारण चुकल्याचे मार्क कापत नाहीत आणि मोकळं सोडल्याचे मिळत नाहीत. पहिल्या आठवड्यात हात शिवशिवायचे. सोडून पुढं जाणं म्हणजे हरणं वाटायचं. फेब्रुवारी संपताना मी एकशे नव्वदच्या पुढं पोचत होतो, आणि अभ्यासिकेतली पोरं माझी वही मागून न्यायला लागली होती. मला स्वतःचा भरवसा वाटायला लागला होता.

तो भरवसा परीक्षेच्या दिवशी पहाटे मोडला. आंघोळ केली, कपडे घातले आणि ओट्यावर बसून राहिलो. केंद्र नागपूरला होतं, बस सहाला. मला एकच दिसत होतं: हॉलमध्ये सगळे बारावी केलेले, कॉलेज केलेले, क्लास लावलेले, आणि मधे मी, आठवी सुटलेला. मावशी कमरेला पदर खोचून निंदणाला, म्हणजे धानातलं तण काढायला, निघाल्या होत्या. टोळी कोपऱ्यावर थांबली होती.

"काहून बसला?"

"मावशी, पुढच्या वर्षी बघतो."

त्या तशाच वळल्या. कोपऱ्यावर जाऊन बायांना म्हणाल्या, "माही पात तुम्ही ओढा आज." परत आल्या, भाकरीचं फडकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "चाल."

मला वाटलं स्टँडपर्यंत येतील. त्या बसमध्ये चढल्या. नागपूरपर्यंत माझ्या शेजारी बसून आल्या आणि वाटेत फक्त कुणाच्या धानाला पाणी कमी पडलंय ते सांगत राहिल्या. केंद्राच्या फाटकावर पहारेकऱ्यानं त्यांना अडवलं. "आई, तुम्हाला आत जाता येणार नाही." मावशी म्हणाल्या, "मी कायले जाऊ? मले कोन्तं साहेब व्हाचं हाय?" आणि समोरच्या कडुलिंबाखाली जाऊन बसल्या.

पेपरात पंचेचाळिसाव्या प्रश्नाला मी अडकलो. गोल टेबलाभोवती आठ माणसं, काही आत तोंड करून, काही बाहेर. तिघांना बसवलं, चौथा बसेना. मला वाटलं, आता होतंय. आता होतंयच. हे शब्द मनात आले आणि मला हातात दगड असल्यासारखं वाटलं. घड्याळ बघितलं, चार मिनिटं गेली होती. आठही जणांना तिथंच सोडून मी पुढं गेलो. पुढं मजुरांचं एक उदाहरण आलं, उत्तर सव्वानऊ दिवस. पर्यायात दहाही होता. मी सव्वानऊवर खूण केली. शेवटच्या पाच मिनिटांत सगळे नांगे भरले. दोनशेपैकी एकही जागा मोकळी ठेवली नाही.

बाहेर आलो तेव्हा मावशी उभ्या होत्या.

"कोंडला काय?"

"एकदा. पण निघालो."

"गोटा आनला का वर?"

"सोडला तिथंच."

तेव्हा त्या हसल्या, रोवण्याच्या दिवशी राहिलेलं सगळं हसल्या. मग कडुलिंबाखाली बसून आम्ही भाकरी खाल्ली.

निकाल लागला तेव्हा कॅम्प ओडिशाला निघून गेला होता. मी नागपुरातल्या एका कॉलेजात प्रवेश घेतला. हे लिहितो आहे ते तिथल्या वसतिगृहाच्या खोलीत बसून, शेवटच्या सत्राच्या आधी. वर्गात अजूनही कुणी शाळेचं नाव विचारलं की मी हाताशी असेल ते मोजायला लागतो. पण आता दहाच्या आत थांबून नाव सांगतो.

प्रवेश झाल्याचं सांगायला अड्याळला गेलो तेव्हा टोळीतल्या म्हातारीनं मला गाठलं. त्यांच्यात एक नियम आहे. एकीची पात दुसऱ्यांनी ओढली की तिनं ती कधी ना कधी फेडायची, कामानंच. "इची त्या दिवशीची पात आम्ही ओढली," ती म्हणाली. "ते तुह्यावर हाय."

मावशी म्हणाल्या, "राहू दे वो, शिकून राहिला तो."

राहू देणार नाही, मावशी. या सत्राची परीक्षा संपली की येणाऱ्या उन्हाळी रोवण्याला मी येतो. तुमच्या शेजारची जागा द्या. पहिल्या धुऱ्यापासून शेवटच्या धुऱ्यापर्यंत तुमच्यावर उरलेली ती एक पात मी पुरी करीन, आणि दगड लागला तर तो सोडून पुढं जाईन.