भाऊसाहेबांनी घेतलेलं वकीलपत्र

रविवारी सकाळी नारायण पेठेतल्या एका छोट्या सभागृहात भाऊसाहेबांचा नव्वदीचा सत्कार होता. प्रमुख वक्ता मी. घसा शेकून, मुद्दे घोटून अगदी तयारीत गेलो होतो...

भाऊसाहेब म्हणजे मूळचे वकील. मार्केट यार्डातल्या हमालांचे खटले लढता लढता आमदार झाले, मंत्री झाले, हमालांसाठीचा कायदा त्यांनी करून घेतला. मंत्रिपद गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा काळा कोट घालून कोर्टात हजर! मी त्यांची विधानसभेतली सगळी भाषणं वाचली आहेत. विरोधकाचं म्हणणं ते आधी स्वतः मांडायचे, विरोधकाला जमलं नसतं इतकं नीट... आणि मग त्याला उत्तर द्यायचे. ज्युनिअर वकिलांनाही तीच शिस्त. आधी समोरच्याची बाजू तयार करा, मग आपली.

तर सत्कार. माझ्या आधी बोलायला उठलेल्या गृहस्थांनी भाऊसाहेबांची थोरवी सांगताना तात्यांना मध्ये ओढलं. तात्या म्हणजे भाऊसाहेबांचे आयुष्यभराचे राजकीय विरोधक, आता हयात नाहीत. "तात्यांनी विधानसभेत दोनच कामं केली. बाकं वाजवली आणि सभात्याग केला." सभागृह खदखदून हसलं. मीही हसलो. माझ्या भाषणातल्या निम्म्या टाळ्या तात्यांवरच बेतलेल्या होत्या...

तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एक बाई उठून दाराकडे निघाल्या. हातात सोनचाफ्याची फुलं. त्या तात्यांच्या कन्या, सुमनताई. खास विश्रांतवाडीहून भाऊसाहेबांना फुलं द्यायला आल्या होत्या. शेजारच्यानं हे माझ्या कानात सांगितलं आणि माझं हसू जागीच विरलं.

भाऊसाहेबांनी त्यांना पाहिलं. काठी टेकत उठले आणि माईक मागितला. सूत्रसंचालक म्हणाले, साहेब, आपण बसूनच बोला. "उभं राहिल्याशिवाय मला युक्तिवाद सुचत नाही." मग कोणीतरी हळूच वेळेची आठवण करून दिली. "नव्वदीत वेळेची काळजी मी करतो. तुम्ही कशाला करताय?"

मग दाराकडे बघत म्हणाले, "अगं सुमन, बस जरा. तुझ्या वडिलांची बाजू अजून मांडायची राहिली आहे."

त्या दारातच थांबल्या... आणि नव्वदीचा तो वकील आपल्या विरोधकाचं वकीलपत्र घेऊन उभा राहिला.

त्यांनी सांगितलं, "हमालांच्या कायद्याच्या मी आणलेल्या मसुद्यात एक मोठं भोक होतं. ओझं उचलताना हमालाची पाठ गेली, तर तो घरी बसल्यावर खाणार काय, याचा विचारच मी केला नव्हता. तात्यांनी तो केला. मी ऐकेना म्हणून त्यांनी बाकं वाजवली, तरी ऐकेना म्हणून सभात्याग केला. शेवटी मला ते कलम घालावं लागलं. पुढे यार्डातल्या हमालांना सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते तेच कलम."

"कायद्याला लोक माझं नाव देतात. त्यातला माणुसकीचा भाग तात्यांचा आहे. ज्या सभात्यागाला आत्ता आपण हसलात, तो त्यासाठी होता."

विनोद करणारे गृहस्थ उठले, सुमनताईंपाशी गेले आणि हात जोडले. पुढे येऊन ताईंनी फुलं भाऊसाहेबांच्या हातात ठेवली. भाऊसाहेबांनी त्यातलं एक तेवढं स्वतःकडे ठेवलं, बाकीची त्यांच्या ओंजळीत परत दिली. "ही तात्यांच्या फोटोला घाल. आजचा सत्कार अर्धा त्यांचा."

मग माझं नाव पुकारलं गेलं. आयुष्यात इतकं छोटं भाषण मी कधी केलं नाही...

माझी मतं आजही तितकीच कडवी आहेत आणि विरोधकांशी मी यापुढेही कडाकडा भांडणारच आहे. पण आता भाषणाची तयारी करताना आधी समोरच्याची बाजू मांडून बघतो. भाऊसाहेब, पन्नास वर्षं मी व्यासपीठं गाजवली, पण वक्तृत्वाचा पहिला धडा रविवारी तुमच्याकडून मिळाला.