घासलेला सम्राट

डहाणूच्या प्राचीन इतिहासाचा एकमेव चालताबोलता आधार म्हणजे आमच्या शेजारचे निवृत्त सर. त्यांच्या गळ्यात चष्म्याबरोबर एक भिंगही लटकत असतं आणि त्यांचं प्रत्येक वाक्य ‘मुळात’ने सुरू होतं. आशागडच्या विहिरीतला कुठलाही दगड त्यांच्या भिंगाखाली आला की दोन हजार वर्षांचा होतो.

यंदा मात्र खरोखरच तेवढं जुनं काहीतरी त्यांच्या दारात आलं. वेवजीच्या एका शेतकऱ्याला चिकूचं कलम लावायला खड्डा खणताना काळ्या पडलेल्या नाण्यांचं मडकं सापडलं. सरकारात कळवून तो ते आधी सरांकडेच घेऊन आला.

“सर, राजा कोण ते तेवढं सांगा. पाड्यावर सगळे विचारतायत.”

“मुळात हा रोमन सम्राट. नाव उद्या सांगतो.”

दुसऱ्या दिवशी पुरातत्त्व खात्याच्या बाई आल्या, तेव्हा ताटातली नाणी लग्नातल्या वाट्यांसारखी चकाकत होती. बाईंनी एक उचललं आणि त्याची कड फिरवून फिरवून पाहिली.

“कडेची अक्षरं कुठे गेली? त्यांच्यावरूनच सम्राट ओळखतात.”

“मुळात काळं फार साचलं होतं. पावडर लावली, तारेची घासणी लावली.”

“घरातली निरांजनं घासा म्हटलं की यांचा खांदा दुखतो,” काकू आतून म्हणाल्या.

नाव ऐकायला आलेला शेतकरी अजून दारात उभाच होता. “मग राजा कोण, बाई?”

“रोमन, एवढंच. नाव आता नाही सांगता येणार.”

वेवजीच्या खजिन्याची सरकारी नोंद अशी आहे: नाणी रोमन, चांदीची. सम्राट अज्ञात. स्थिती अतिशय स्वच्छ.