आत्याचे दात आणि टिकाऊ डेव्हलपर

आमच्या अमरावतीत मे महिन्यात काय काय टिकत नाही याची यादी करायला बसलो, तर दुसऱ्या ओळीवर पेनातली शाई वाळते. माझ्या एका शेजाऱ्यानं सकाळी काळी केलेली मिशी दुपारी पांढरी झालेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे. अकोल्याची तर बातच सोडा. तिथं माणसं एक छत्री स्वतःवर धरतात आणि दुसरी आपल्या सावलीवर.

अशा मुलखात मी ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर फोटो काढतो आणि ती फिल्म घरीच धुतो. नोकरीतून रिटायर झालेल्या माणसानं काहीतरी करावं म्हणतात. लोक योगासनं करतात, मी हे करतो. वर्षाला चार रोल. फिल्म धुवायला डेव्हलपर लागतो, म्हणजे एक औषधी पाणी. त्यात बुडवली की फिल्मवरचा फोटो दिसू लागतो. पाण्यात जीव असेल तर फोटो येतो, जीव गेला असेल तर येत नाही. बाटली एकदा उघडली की हवा लागते, वरून आमचं ऊन, आणि पाण्याचा जीव जायला लागतो. मोठ्या शहरातले लोक रोज रोल धुतात, त्यांची बाटली मरायच्या आत संपते. माझी संपायच्या आत मरते.

मागच्या वर्षी कौंडण्यपूरच्या यात्रेत छत्तीस फोटो काढले. घरी धुतले, तर फिल्म अशी कोरी निघाली की कडेला कारखान्यात छापलेले आकडेसुद्धा उगवले नव्हते. मग बाटली उजेडात धरली. आत चहाच्या रंगाचं पाणी. त्या दिवशी मी एक सिद्धांत काढला: तपकिरी म्हणजे मेलेलं, स्वच्छ म्हणजे जिवंत. पुढे तो सिद्धांत मी इतक्या लोकांना ऐकवला की माझा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला.

या मे महिन्यात, एका गुरुवारी, अकोल्याहून आत्याचा फोन आला. आत्या भाजीबाजारात पन्नास वर्षं बसली. आवाज असा, की तिनं अकोल्यात "भेंडी" म्हटलं की वीस मैलांवरच्या पातूरला बाया पिशव्या घेऊन निघत.

"ऐकून राहिला का? सोमवारी डाक्टर माह्ये समोरचे दात काढून राहिला. चारच उरले, थे बी चालले. त्याच्या आधी येऊन माह्या फोटो काढ."

"आत्या, मोबाइलवर कोणीही काढून देईल."

"मोबाइलचा नको. तुह्या मामाजीचा कसा हाये भिंतीवर? काळा-पांढरा. तसाच पाह्यजे. रंगीत लावला तं मी त्यायच्या बाजूले पाहुनी आल्यावानी दिसीन."

मामाजी म्हणजे आत्याचे यजमान. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. भिंतीवर त्यांचा फोटो आहे, त्याला चंदनाचा हार आहे, आणि त्या भिंतीवर जिवंत माणूस लावायची पद्धत आमच्यात नाही. मी भीत भीत तसं म्हटलं.

"म्हनून तं आताच लावून राहिली ना! मेल्यावर हे पोट्टे आधार कार्डावरचा मोठा करून लावतीन. त्याच्यात मी बकरी चोरून आनल्यावानी दिसते. अन् ऐक. फोटो आला हे माह्या डोळ्यानं पाहीन, तवाच डाक्टरापुढं तोंड उघडीन. दात गेल्यावर तू म्हनशीन पुन्हा बस, तं कोनाचे दात घेऊन बसू?"

फोन ठेवला आणि मला घाम फुटला. घाम आधीही फुटलेलाच होता, पण हा वेगळा होता. ही फिल्म कोरी निघाली तर दुसरी संधी नव्हती.

मी मुंबईच्या फिल्म-दुकानदाराला फोन लावला. आमच्या घरी रेंज फक्त गच्चीवर, आणि गच्चीवर पंख्याची, कुलरची, कावळ्यांची अशी गोंगाटी कचेरी भरलेली असते, म्हणून बोलावं लागतं ओरडून.

"मागचा डेव्हलपर दोन महिन्यांत मेला!" मी ओरडलो. "फिक्सर घरी आहे, त्याची काळजी नाही! मला असा डेव्हलपर द्या, जो आमच्या उन्हात वर्षानुवर्षं टिकेल!"

दुकानदारानं तीन जाती सांगितल्या. पहिली साधी पूड. पाण्यात कालवली की दोन महिने. दुसरी व्हिटॅमिन सीवाली. सहा महिने चालते, रंग बदलत नाही. तिसरी फार जुन्या नुस्ख्याची, काकवीसारखी घट्ट; एका भागाला पन्नास भाग पाणी घालायचं, आणि उघडलेली बाटली कित्येक वर्षं फळीवर राहिली तरी काम करते. तिसरी पाठवा म्हटलं, तर माल संपला होता. पुढच्या महिन्यात येणार. आत्याचे दात पुढच्या महिन्यापर्यंत थांबणार नव्हते.

शेजारच्या गच्चीवर मिशीवाले शेजारी आंब्याच्या फोडी वाळत घालत होते. त्यांनी सगळं ऐकलं. शुक्रवारी सकाळी दारात इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण उभा, हातात रंगीत नकाशे.

"सर, नमस्कार. आपल्याला टिकाऊ डेव्हलपर पाहिजे म्हणे. भातकुली रोडवर आपले तीन लेआउट आहेत. प्लॉट पाडले, रस्ते टाकले, कुठं पळून गेलो नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आपले आधीचे डेव्हलपर वारले, ऐकून वाईट वाटलं."

एवढी आयती गंमत सोडून द्यायला मी काही साधू नाही.

"उन्हानं गेला," मी म्हणालो.

"अरेरे. वय?"

"दोन महिने."

त्यानं नकाशे छातीशी धरले. "काय झालं होतं?"

"हवा लागली. अंग तपकिरी पडलं, समजलंच नाही."

"मग पुढचं सगळं... तुमच्याच हातून?"

"माझ्याच. मोरीत ओतून दिला."

तो नकाशे घेऊन ज्या वेगानं गेला, त्या वेगानं भातकुली रोडवर आजवर एकही गाडी गेलेली नाही. शेजारी आठ दिवस माझ्याशी फार अदबीनं बोलत होते.

तर आता माझ्याकडे दोनच बाटल्या. एक व्हिटॅमिन सीवाली, चार महिन्यांपूर्वी मी स्वतः कालवलेली, पिण्याच्या पाण्यासारखी नितळ. दुसरी त्या तिसऱ्या जातीची. अकोल्यातला एक जुना स्टुडिओ बंद झाला तेव्हा म्हाताऱ्या मालकांनी मला उचलून दिलेली. तिचा रंग कोळशासारखा, तळाशी खडे. माझ्या सिद्धांताप्रमाणे ती केव्हाच देवाघरी गेली होती. तरी दोन्ही ओल्या टॉवेलात गुंडाळल्या आणि शनिवारच्या बसनं अकोल्याला नेल्या. कंडक्टरनं विचारलं तेव्हा काढा आहे म्हणून सांगितलं. त्यानं खोकून दाखवलं आणि एक घोट मागितला.

आत्या इस्त्रीचं लुगडं नेसून ओसरीत बसली होती. ज्या दातांसाठी एवढा खटाटोप, ते तिनं ओठांआड असे बंद केले की किल्ली हरवलेली पेटी बरी. मी पस्तीस फोटो काढले. "आत्या, हास." "आत्या, काहीतरी बोल." ती डोळ्यांनी म्हणायची, काढ ना मुकाट्यानं.

तेवढ्यात फाटकापुढे भाजीची गाडी आली. आत्या उठली. जुनी सवय, तिनं भेंडी उचलली, टोक मोडलं. मोडलं नाही, लवलं.

"हे भेंडी हाये का बुटाची नाडी? माह्या दारात आनतं! लेका, या हातानं अर्ध्या अकोल्याले भेंडी चारली!"

भाजीवाला हसत होता, आत्याचे चारही दात उन्हात चमकत होते. मी छत्तिसाव्यांदा बटण दाबलं.

रविवारी सकाळी मी तिच्या न्हाणीघरात दुकान मांडलं. नळाचं पाणी चहा टाकावा इतकं तापलेलं, म्हणून माठातलं घेतलं. त्यावर, माठात बोट लागलं म्हणून एक व्याख्यान झालं. मग मी दोन्ही बाटल्या ओळीनं ठेवल्या आणि नितळ बाटलीचं बूच उघडलं.

"हे कायचं पानी?" आत्या दारात बसून पाहत होती.

"औषध. यानं फोटो येतो."

"अन् थे काळं?"

"ते मेलेलं आहे. रंग बघ ना."

"तुले कसं कयलं?"

मी सिद्धांत सांगितला. यात्रेची हकीकतही सांगितली. वांगं आणि टमाटर वेगळं न कळणाऱ्या सकाळच्या गिऱ्हाइकाकडे पाहावं, तशी ती माझ्याकडे पाहत होती.

"टोक मोडून पाह्यलं का?"

"काय?"

"भेंडी घेतांना रंग पाहतो का टोक मोडतो? पोट्ट्या, याचंबी काही टोक असनच ना."

मी बूच परत लावलं. होतं की टोक! फिल्मची पहिली दोन बोटं, जी कॅमेऱ्यात घालताना उजेडात जळतात आणि पुढे काही कामाची नसतात. ते टोक भर दिवसा डेव्हलपरमध्ये टाकलं, तर जिवंत डेव्हलपरनं ते काळं करायलाच पाहिजे. ही साधी गोष्ट मला ठाऊक होती. सिद्धांत असला की ठाऊक असलेल्या गोष्टी माणूस विसरतो.

टोक कापून दोन तुकडे केले. एक तुकडा वाटीतल्या नितळ पाण्यात. दुसरा, काळ्या औषधाचे थोडे थेंब दुसऱ्या वाटीतल्या माठाच्या पाण्यात टाकून, त्यात. आम्ही दोघं वाट्यांत डोकी घालून बसलो. दोन मिनिटं झाली. नितळ वाटीतला तुकडा जसाच्या तसा. काळ्या वाटीतल्या तुकड्याची कड आधी करडी झाली, मग सगळा तुकडा काजळासारखा.

नितळ बाटली चार महिन्यांत गुपचूप मेली होती, रंगही न बदलता. मी छत्तीस फोटो तिच्यात बुडवायला निघालो होतो.

"मी हेच म्हणत होतो," मी म्हणालो. आत्यानं नितळ बाटली मोरीकडे सरकवली.

उजेड न शिरणाऱ्या काळ्या पिशवीत हात घालून फिल्म डब्यात भरली. ते कोळशाच्या रंगाचं औषध माठाच्या पाण्यात कालवून त्यात नऊ मिनिटं हलवली, मग फोटो पक्का करणारा फिक्सर, मग पाणी. झाकण उघडायच्या आधी मी मनातल्या मनात मामाजींना नमस्कार केला, हे खोटं नाही. या लिखाणात एवढं तरी खरं धरा. फिल्म बाहेर काढली. कडेला आकडे होते. आकड्यांच्या आत छत्तीस आत्या होत्या.

तिनं निगेटिव्ह खिडकीसमोर धरून शेवटचा चौकोन पाहिला. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. पांढरे केस काळे, चेहरा काळा, आणि दात शाईच्या थेंबासारखे.

"मायबाई! दात तं डाक्टराच्या आधी तूच सडवले!"

मी मोबाइलमधून उलटं करून दाखवलं तेव्हा तिनं आधी चारही दात बोटानं मोजले. मग म्हणाली, "आता जाते म्हना डाक्टरापुढं."

बुधवारी अमरावतीला दोन प्रिंट काढल्या: एक तोंड मिटलेली, शांत, एक भेंडीवाली. गुरुवारी त्या चौकटीत बसवून घेऊन गेलो. दात सोमवारीच गेले होते, पण आत्याच्या तोंडात अजून कापसाचे बोळे होते. पन्नास वर्षांत पहिल्यांदा तिच्या घरात घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. तिच्या थोरल्या मुलानं, माझ्या आतेभावानं, शांत फोटो उचलला.

"हा चांगला हाये. त्या दुसऱ्यात आई भांडून राहिली. बाबाच्या बाजूले बरं नाई दिसत. लोकं काय म्हनतीन?"

आत्यानं बोट भेंडीवाल्या फोटोवर ठेवलं. त्यानं नकारार्थी मान हलवली. मग तिनं एका गालातला बोळा काढला आणि हातात धरला.

"तुह्या बापानं मले असंच पाह्यलं. त्या मुक्या बाईले थे ओयखतीन का?"

बोळा परत गालात गेला. आतेभाऊ स्टूल आणायला उठला. मी खिळा मामाजींच्या फोटोपासून हातभर लांब धरला होता. आत्यानं बोटानं खुणावलं, इकडे, आणखी इकडे, इतकं की फोटो टांगला तेव्हा दोन्ही चौकटी एकमेकींना लागल्या.