उपडी टोपली

मोहफुलांचा गोड, आंबूस वास आला की केशोरीच्या पुढचा मुरुमाचा चढ आठवतो. मी आणि माझा मित्र सायकलींवर टेकडीवरच्या जुन्या गावाकडे निघालो होतो. सकाळ असूनही जंगलात एक पाखरू बोलत नव्हतं. वळणावर मोहाच्या झाडाखाली एक टोपली उपडी पडली होती आणि फुलं रस्ताभर सांडली होती. "वानरांचं काम," मित्र हसला. टोपली बाजूला सारून आम्ही पुढे गेलो. गावात शिरताच एका माणसानं विचारलं, "माही बायको दिसली का जी रस्त्यानं? पहाटेच मोहा वेचाले गेली." आम्ही टोपलीचं सांगितलं आणि त्याचा चेहरा उतरला. काठ्या-कुऱ्हाडी घेतलेल्या माणसांसोबत, हाकारे देत, आम्ही परत खाली आलो. ती त्याच झाडावर होती, उंच फांदीला बिलगलेली, जिवंत. तिला खाली उतरवलं. "आम्ही इथूनच गेलो, हाक काऊन नाही मारली?" मी विचारलं. ती म्हणाली, "वाघ त्या झुडपात बसून होता. मी ओरडली असती तं तुमी इथंच थांबले असते." सायकल मी अजून चालवतो, पण जंगलात वाटेवर टोपली दिसली की आधी वर झाडाकडे बघतो.