माझ्या अक्षरातला जबाब

हे लिहावं की नाही, असा बरेच दिवस विचार करत होते. आई म्हणाली, "लिहून आता काय होणार?" मलाही माहीत नाही. पण त्या अपघातानंतरचा वडिलांचा पहिला जबाब माझ्या अक्षरात आहे, म्हणून लिहिते.

वडील उज्जैनला फायरमन होते. इंजिनात कोळसा टाकायचे. शेजारच्या क्वार्टरमध्ये दुसरे फायरमन राहत, माळव्यातलेच. मी त्यांना काका म्हणायची. आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत एक रीत होती. घरी लग्न किंवा आजारपण असलं की माणूस दुसऱ्याच्या दारात जाऊन पाळी बदलून घ्यायचा. सगळं तोंडी. हजेरीबुकात नाव पहिल्याचंच राहायचं, इंजिन शेडमधले कारकून, शेडचे बाबू, त्यापुढे खूण करायचे, आणि कुणी काही विचारत नसे.

मला कॉलेजात प्रवेश मिळाला. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. फॉर्मवर पालकांनी समोर येऊन सही करायची होती आणि नेमकी त्याच दिवशी वडिलांची मालगाडीवर पाळी होती. आदल्या संध्याकाळी ते शेजारी गेले. मी मागेच उभी होते.

"कल का दिन निकाल दो भाई. पोरीला कॉलेजात घालायचंय."

काका हसले. "लड़की कॉलेज जाएगी और बाप अंगूठा लगाएगा?"

"सही येते मला!"

"तो जाओ, करके आओ. जलेबी देवास गेट से लाना, ये नुक्कड़वाली नहीं चलेगी."

काकी आतून म्हणाली, "इन्हें तो बस जलेबी का बहाना चाहिए."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जलेबीचा पुडा घेऊन परतलो, तर आमच्या दारात बायकांची गर्दी. शहराबाहेर मालगाडी आणि पॅसेंजर एकाच रुळावर समोरासमोर आल्या होत्या. हजेरीबुकात वडिलांचं नाव, म्हणून सगळ्या आईच्या गळ्यात पडून रडत होत्या. आई रडत नव्हती. तिला माहीत होतं. शेजारच्या दारात काकी एकटीच उभी होती, तिलाही माहीत होतं. बायका चुकीच्या घरी आल्या आहेत, हे त्या दोघींपैकी कुणाच्याच तोंडून निघेना. मग वडील अंगणात आले आणि रडणं एकदम थांबलं. काकीने त्यांच्याकडे पाहिलं आणि ती उंबऱ्यातच खाली बसली.

प्लॅटफॉर्मवर प्रेतं ओळीनं ठेवली होती. चादरी पुरल्या नाहीत तेव्हा भैरवगढच्या छिप्यांनी छपाईसाठी आणलेले कोऱ्या कापडाचे तागे दिले. वडिलांनी काकांना पायावरून ओळखलं. तोंड वाफेनं गेलं होतं.

शेडचे बाबू वाईट माणूस नव्हते. ते घरी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "पाळी बदलली असं म्हणालात तर नोकरी गेली समजा. संस्थानची रेल्वे मोठ्या रेल्वेत गेल्यापासून तुमचं सर्व्हिसबुक कुठे आहे, कुणालाच ठाऊक नाही. अशात डाग नको. लिहा की तब्येत बिघडली म्हणून गेलो नाही. तो अपनी मर्जी से चढ़ गया."

वडिलांना सहीपुरतंच येई. कागद माझ्यापुढे आला. 'मी त्याला जायला सांगितले नव्हते' हे वाक्य मी लिहिलं. बाबू म्हणाले, "अक्षर सुंदर है बिटिया का."

त्या वाक्यामुळे काका कामावर मेलेले ठरले नाहीत. कागदावर ते परवानगीशिवाय इंजिनावर चढलेले एक इसम झाले. काकीला भरपाई मिळणार नव्हती, शिवाय महिन्याभरात क्वार्टर सोडायचं होतं. ती मला नळावर भेटली.

"बेटा, उस दिन तू भी तो खड़ी थी. तेरे बाप ने कहा था न?"

"हो, काकी."

"फिर कागज पर क्यों नहीं है?"

मी भरलेली बादली तिथेच ठेवून घरी आले. म्हटलं, "बाबा, दुसरा जबाब लिहू?"

आई उसळली. "आणि मग आपण कुठे जायचं? माधव नगरात लोकांची भांडी घासू? तुझं कॉलेज तरी राहील का?"

खरं सांगते, "नाही राहिलं तर नाही," असं मी म्हणाले नाही. तीन दिवस कॉलेजात जात राहिले. वर्गात मागे बसायची. काय शिकवलं, आज आठवत नाही. वडील त्या तीन दिवसांत जेवताना मान वर करत नव्हते. चौथ्या दिवशी त्यांनीच दौत माझ्यापुढे सरकवली. मी लिहिलं: 'तो माझ्या सांगण्यावरून गेला. माझ्या मुलीच्या प्रवेशासाठी.' वडिलांनी सही केली, तीही इतकी दाबून की कागद फाटला.

बाबूंनी तो वाचला आणि डोक्याला हात लावला. "चौकशी बंद झाली हो. कागद वर गेले. वर सगळ्या कचेऱ्या इकडच्या तिकडे चालल्यात, आता नवं राज्य होणार, राजधानी भोपाळला म्हणतात. हा कागद कुठल्या फाइलीत लागेल सांगता येत नाही. पण तुमची नोकरी जाईल, एवढं नक्की."

"पाठवा," वडील म्हणाले.

"तिला मिळेलच असं नाही."

"पाठवा म्हटलं ना!"

संध्याकाळच्या आत त्यांना कामावर येऊ नका असा निरोप आला. आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. वडील मला घेऊन शेजारी गेले. काकी ट्रंकेत कपडे भरत होती.

"भाभी, सच लिख के दे आया हूँ."

तिचे हात थांबले. "अब तो लिखेंगे न, कि ड्यूटी पर गए?"

"लिखेंगे, भाभी."

"कब तक? सामान बाँधूँ कि रुकूँ?"

वडील माझ्याकडे वळले. शिकलेली मीच होते. मला एवढंच सांगता येत होतं, म्हणून मी म्हणाले, "माहीत नाही, काकी." तिने मान हलवली आणि ट्रंकेत उरलेले कपडे भरू लागली.