शवासनातला हात

स्वातंत्र्य मिळालं त्या सुमाराला अलिबागच्या शाळेत कवायतीचे मास्तर आम्हाला आसनं शिकवायचे. शेवटी शवासन. आम्ही डोळे मिटून पडलो की ते एकेकाचा हात मनगटाला धरून उचलायचे आणि सोडून द्यायचे. धप्पकन पडला तर अंग सैल. माझा अधांतरीच राहायचा, मग टपली बसायची. भयंकर राग यायचा मला.

पुढे म्हसळ्याच्या कचेरीत कारकून झालो, एकटाच राहायचो. आसनं चालू होती. एकदा शेजारच्या म्हाताऱ्यांना म्हटलं, जरा हात उचलून बघा. त्यांनी नाडी धरली, "ताप न्हाय," म्हणाले आणि गेले.

मग मीच डाव्या हाताने उजवा उचलून सोडायचो. तो अगदी मास्तरांच्या मनासारखा पडायचा. डाव्याला उचलणारं मात्र कोणी नव्हतं.